धुराचा मायना

माझ्या आवाजात जरब आहे, असं माझं मत आहे. ते एकट्याचंच असलं तरी ठाम आहे. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाच्या मनात दोन समजुती घर करून बसतात. आपण बोलू लागलो की समोरचा ऐकतो, ही पहिली. ऐकलं की तो सुधारतो, ही दुसरी. वर्गात दोन्ही टिकतात, कारण घंटा होईपर्यंत पोरांना बाहेर जाता येत नाही. निवृत्तीनंतर त्याच समजुती खिशात घालून मी एसटी स्टँडवर, आठवडी बाजारात, रसवंतीत आणि रेल्वेच्या फलाटावर हिंडू लागलो. बोटाला चार वर्षांची नात. आणि समोर, जावं तिथं, विडी नाहीतर सिगारेट पेटवणारा कुणीतरी सज्जन.

सज्जन हे मी उपरोधानं म्हणत नाही. फक्त वाईट माणसंच फुंकत असती तर काम किती सोपं होतं! मला भेटतात ते सगळे नातीला सरकून जागा देतात, तिच्या हातावर शेंगदाणे ठेवतात, "नाव काय गं बाय तुझं?" म्हणून कौतुकानं खाली वाकतात, आणि वाकल्यावर उत्तर येईपर्यंत तिच्या तोंडावर धूर सोडतात.

"त्यात एवढं काय? विझव म्हणायचं," असा सल्ला मला घरातून मिळतो. घरातून सगळंच म्हणता येतं. माझ्याकडं वाक्य नाही असं नाही. एका रात्री झोप येईना तेव्हा मी ते पक्कं केलं आहे. 'आपणांस नम्र विनंती आहे की, लहान बालकांच्या सान्निध्यात धूम्रपान करून त्यांच्या आरोग्यास बाधा आणू नये.' व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. अडचण एवढीच, की हे वाक्य स्पष्ट उच्चारांसह पुरं होईतो अर्धी विडी जळून जाते. शिवाय ऐकणाऱ्याला वाटतं, स्टेशनवरची घोषणा चालू आहे. तो वर कर्ण्याकडं बघतो आणि शेजाऱ्याला विचारतो, "किती लेट म्हणाली?"

पण खरी अडचण वाक्याच्या आधीची आहे. माणसाला हाक काय मारायची?

पत्रलेखन शिकवताना मी पोरांना बजावत असे, की मायना चुकला तर खालचं सगळं पत्र वाया. वडिलांना तीर्थरूप, काकांना तीर्थस्वरूप, धाकट्या भावाला चिरंजीव. पोरं चिरंजीव आजोबांना पत्र लिहायची आणि मी लाल शाईनं गोल काढायचो. आता फलाटावर उभं राहून मीच मायन्याशी अडतो. पुणतांब्याच्या माणसानं इथं अडावं हे तसं परंपरेला धरूनच आहे म्हणा. मराठीतला सगळ्यांत गाजलेला मायना ज्यांना सुचला नाही, त्या चांगदेव महाराजांची समाधी आमच्या गोदावरीच्या काठावर आहे.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तरी मी सांगणार, कारण निवृत्त शिक्षकाला ऐकून घेणारे सापडतात कुठं? चांगदेवांचं वय चौदाशे वर्षं. काळ न्यायला आला की ते समाधी लावून प्राण वर चढवायचे. काळ हात हलवत परत जायचा. (विडीवाला शेजारी आला की मीही श्वास रोखून धरतो. पण माझा प्राण गाडीला सिग्नल मिळेपर्यंतसुद्धा वर राहत नाही.) अशा या थोर योग्याच्या कानावर आलं की आळंदीला ज्ञानेश्वर नावाचं एक पोर आहे आणि त्याचा अधिकार फार मोठा आहे. पत्र लिहायला घेतलं. लिहिणार काय? वयानं पाहावं तर चिरंजीव लिहून आशीर्वाद द्यावा; अधिकार पाहावा तर तीर्थरूप लिहून नमस्कार करावा. चौदाशे वर्षांच्या अनुभवात असा पेच पडला नव्हता. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ताबाई काय म्हणाली तेही तुम्हाला माहीत आहे. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच चांगदेव पासष्टी. पुढं चांगदेव वाघावर बसून, सापाचा चाबूक करून भेटीला निघाले आणि भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली. भिंत आळंदीत आजही दाखवतात. वाघ कुठं गेला ते कुणी सांगत नाही. वर्गात एका पोरानं मला हेच विचारलं होतं, तेव्हा मी त्याला अंगठे धरून उभं केलं. उत्तर मला आजही माहीत नाही.

जळगावकडची मंडळी म्हणतात, चांगदेव आमचे. तिकडं तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचं गावच आहे, मोठं जुनं देऊळ आहे. असू द्या. चौदाशे वर्षं जगलेल्या माणसाला एका गावात कसं भागेल? मला त्या गोष्टीत वाघापेक्षा, भिंतीपेक्षा, तो कागदापुढं थबकलेला म्हातारा आवडतो. समोर एक लहान मूल आहे आणि त्याचा मान कसा राखावा हे कळत नाही म्हणून हात थांबला, असा दुसरा म्हातारा मला कुठल्या गोष्टीत भेटलेला नाही.

तर हाक. "ओ भाऊ" म्हणून पाहिलं. भाऊ म्हटल्याबरोबर तो बंडल पुढं करतो. भावानं कोरडं उभं राहिलेलं त्याला बघवत नाही. "साहेब" म्हटलं तर तो आणखी रेंगाळून झुरके घेतो, कारण साहेबानं घाई करायची नसते. गॉगलवाल्या एका पोराला "बाळा" म्हणालो. त्यानं गॉगल कपाळावर चढवून अशा नजरेनं पाहिलं की मीच इकडं तिकडं बाळ शोधू लागलो. एका गृहस्थांना "काका" म्हटलं. माझ्या मते ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे होते. त्यांनी मला टाळूपासून चपलेपर्यंत न्याहाळलं आणि आदरानं म्हणाले, "बोला आजोबा." त्या दिवशी मी धुराबद्दल काही बोललो नाही. घरी येऊन आरशापुढं बराच वेळ उभा होतो.

"पाव्हणं" हा आमच्या भागातला रामबाण संबोधनप्रकार. पण त्यालाही पुढचा प्रश्न ठरलेला आहे. कोणतं गाव? गाव निघालं की आडनाव निघतं, आडनावावरून सोयरीक निघते, त्याची मावशी आमच्या चुलत्यांच्या भावकीत दिलेली निघते, आणि मग लक्षात येतं की या माणसाच्या बहिणीच्या लग्नात आपण पंगतीला बुंदी वाढली आहे. आता त्याला विडी विझव कसं म्हणणार? सोयऱ्याला लोक हुंडा माग म्हणतील, विडी विझव म्हणणार नाहीत. तो आणखी एक पेटवतो, नातीच्या हातावर दहाची नोट ठेवतो, आणि मी "अहो कशाला, कशाला" म्हणत खोकतो.

मग मी कायद्याकडं वळलो. शिक्षकाचा शेवटचा आधार छापील मजकूर. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2 नोव्हेंबर 2001 ला न्यायालयानं दवाखाने, शाळा, ग्रंथालयं, कचेऱ्या, गाड्या अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. 2003 साली तंबाखू नियंत्रणाचा कायदा झाला. 2008 च्या गांधी जयंतीपासून कडक नियम आले. त्यांत रेल्वे स्टेशन आणि बसथांबाही धरले. त्यामुळं "उघड्यावर तर आहे गुरुजी, वारा आहे" हे फलाटावरचं लाडकं उत्तर त्या दिवसापासून कायद्यात बसत नाही. दंड दोनशे रुपयांपर्यंत. तो वसूल करण्याचा अधिकार स्टेशनमास्तरांना, पोस्टमास्तरांना, मुख्याध्यापकांना. साधा शिक्षक निवृत्त झाला तर त्याचं काय, याबद्दल नियम गप्प आहेत. मला ते तेव्हा लागलं होतं, आता जास्त लागतं.

या सगळ्यांत मला सर्वांत प्रिय आहे तो 1989 चा रेल्वे कायदा, कलम 167. डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशानं हरकत घेतली तर ओढायचं नाही. ओढल्यास शंभर रुपयांपर्यंत दंड. काय माणूस ओळखून लिहिलंय! म्हणजे सुरुवात पुन्हा कुणीतरी हरकत घेण्यापासून. हरकत घ्यायची तर हाक मारायला हवी, आणि हाक मारायची तर मायना हवा. रेल्वेलाच सरसकट बंदी घालण्याची मुभा त्याच कलमात पुढं आहे, पण तो भाग मी चारचौघांत वाचत नाही. वाचला तर माझी गरजच संपते.

मनाईच्या पाटीचंही माप ठरलेलं आहे. साठ सेंटिमीटर बाय तीस, पांढऱ्या जमिनीवर, लाल गोलात काट मारलेली सिगारेट. आणि तक्रार कुणाकडं करायची त्या माणसाचं नाव ठळक लावायचं. एका मोठ्या बसस्थानकावर (कुठल्या ते सांगत नाही, मला तिथून अजून गाड्या पकडायच्या आहेत) मी अशी पाटी शोधून काढली. माप बरोबर, जमीन पांढरी, गोल लाल. खाली 'तक्रार कोणाकडे करावी' आणि त्यापुढं टिंबं. नुसती टिंबं. मी मनातल्या मनात हात जोडले. सातशे वर्षांनी महाराजांचं कोरं पत्र एसटी स्टँडवर येऊन पोचलं होतं. पाटीखाली एकजण निवांत ओढत उभा होता. त्याला वाटलं मी त्याला नमस्कार केला. त्यानंही केला.

आकडे मात्र माझ्या बाजूचे आहेत. 2016-17 च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ शंभरांत चारसुद्धा भरले नाहीत. 3.8. देशात शंभरांत दहाहून अधिक आणि आपल्याकडं चारांहून कमी! वाचून मला अभिमानानं भरून आलं. मग प्रश्न पडला, की हे 3.8 टक्के मी जातो तिथंच का जमतात? आणि उरलेले शहाण्णव माझ्या बाजूनं एक शब्द का बोलत नाहीत? याचंही उत्तर त्याच पाहणीत आहे. शंभरांत चोवीस जण तंबाखू खातात. त्यांची सहानुभूती मला असते, हे मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आहे. पण बार भरलेला असल्यामुळं त्यांना तोंड उघडता येत नाही. ते नुसती मान हलवतात आणि बाजूला जाऊन, मत व्यक्त करावं तितक्या जोरात, पिचकारी मारतात.

ज्या गावानं 2017 च्या 1 जूनला शेतकऱ्यांचा संप पुकारला आणि राज्याच्या शहरांना दुधाची पिशवी दिसेना असं केलं, त्या गावचा मी रहिवासी. भाषणात हे मी छाती पुढं काढून सांगतो. एवढा संप करता येतो. एक विडी खाली टाकायला लावता येत नाही.

एकदा हाक, विनंती सगळं जमून आलं तर एका वडीलधाऱ्यानं मला शांतपणे विचारलं, "गुरुजी, समद्यांनी बिडी सोडली तर संगमनेरच्या बाया खातील काय?" मी निरुत्तर. संगमनेर, सिन्नर, नगरच्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली वस्त्या. कितीक घरं हजार विड्यांच्या मजुरीवर चालली. टेंभुर्णीचं पान कापायचं, मांडीवरच्या सुपातली तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. 1966 साली त्यांच्यासाठी वेगळा कायदाही झाला होता. त्या म्हाताऱ्याला उत्तर द्यायचं तर त्या सुपापाशी निजलेल्या लेकराचंच द्यावं लागतं, ज्याच्या नाकात विडी पेटण्याच्या आधीच तंबाखूची पूड जाते. पण हे मला घरी आल्यावर सुचलं. माझी सगळी उत्तरं घरी आल्यावर सुचतात.

आता फलाटावरचं सांगतो. शिर्डीचा फाटा निघाल्यापासून आमचं स्टेशन जंक्शन झालं आहे, आणि जंक्शनवर माणूस उगाचच जास्त वेळ थांबतो. मनमाडकडची पॅसेंजर यायची होती. नातीला बाकावर बसवून मी चार पावलांवरच्या नळावर बाटली भरायला गेलो. परत वळतो तो नात टाळ्या वाजवत उभी. समोर तिशी-पस्तिशीचा एक जवान धुराची वर्तुळं सोडत होता. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, आणि तिसऱ्यात बोट घालायला नात उड्या मारत होती. "अजून एक!" ती ओरडत होती.

खरं सांगायचं तर आधी मला धुराचा राग आला नाही. मत्सर वाटला. आदल्या रात्री मी तिला चांगदेवांची गोष्ट सांगितली होती, वाघाचा आवाज काढून. ती वाघ भिंतीपर्यंत पोचायच्या आत झोपली. आणि इथं एका विडीवर हा गडी तिला "अजून एक" म्हणायला लावतो!

तेवढ्यात त्यानं मला पाहिलं. चेहरा पडला. विडीचा हात झटक्यात पाठीमागं गेला, मान खाली. "नमस्कार गुरुजी. ओळखलं का? मागच्या बाकावर बसायचो." ओळखलं नव्हतं, पण त्याचा हात पाठीमागं गेला तेव्हा माझी छाती पुढं आली. हीच ती जरब! एक शब्द न बोलता! इतकी वर्षं मी म्हणत होतो, कुणाला पटत नव्हतं. ते अंगठे धरलेलं, वाघाचा पत्ता विचारणारं पोर हेच होतं की काय, अशीही शंका आली, पण विजयाच्या क्षणी ती मी दाबली.

नातीला मात्र आणखी एक वर्तुळ हवं होतं. समोर दिसेना म्हणून ती त्याच्या मागं गेली.

माझ्या बाजूनं मला फक्त त्याचा वाकलेला खांदा दिसत होता. मग त्याच्या कोपराच्या आड नातीचं कपाळ दिसलं, आणि कपाळाखाली, भुवईपासून चार बोटांवर, विडीचं पेटतं टोक. मोठी माणसं धूर कुणाला लागू नये म्हणून हात खाली सोडतात, पाठीमागं धरतात. ती शिष्टाचाराची उंची आहे. नेमकी तीच चार वर्षांच्या पोराच्या डोळ्यांची उंची आहे. इतके दिवस मी धूर धूर करत होतो. हे टोक मला कधी दिसलंच नव्हतं, कारण माझे डोळे वर असतात.

मी ओरडलो. विनंती नाही, मायना नाही, व्याकरण तर नाहीच. पिकात शिरलेल्या गुराला हाकलताना निघतो तसला आवाज निघाला. सगळा फलाट वळून पाहू लागला. त्यानं दचकून विडी टाकली, चपलेनं चिरडली आणि कान पकडले. "चुकलं गुरुजी. तुमच्यापुढं ओढायला नको होती."

"माझ्यापुढं ओढ रे," मी म्हणालो. आवाज कापत होता, जरब कुठं गेली होती कोण जाणे. "माझ्यापुढं दहा ओढ. हिच्यापुढं नको."

त्यानं खाली नातीकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं, आणि मनापासून हसला. "हिच्यापुढं? गुरुजी, लेकरू आहे ते. त्याला काय कळतंय?"

त्याला नावं ठेवायला मला तोंड नाही. तो ज्या रीतीत वाढला तिच्यातच मीही वाढलो. आमचे वडील पन्नाशी उलटल्यावरही आजोबांपुढं विडी ओढत नसत. आजोबा ओसरीवर असले की ते उठून गोठ्यामागं जात. गावात सगळे म्हणत, काय मर्यादा आहे या घरात! आणि गोठ्यामागं जाताना वडील मला उचलून घेत, कारण दिवसभरात त्यांना तेवढीच सवड असे. कडब्याच्या गंजीला टेकून ते बसत, मी त्यांच्या मांडीवर. काडी ओढली की त्यांचा चेहरा क्षणभर उजळायचा. आजही कुठं कडबा आणि विडी यांचा वास एकत्र आला की माझी पावलं रेंगाळतात. तो मला वाईट वाटत नाही, हीच तर पंचाईत. त्यांनी कधी माझ्यावर हात उगारला नाही. आजोबांचा मान राखायला ते धूर घेऊन बाहेर यायचे आणि तो माझ्या डोक्यावर सोडायचे. आजोबा नव्वदीपर्यंत ठणठणीत. माझी छाती थंडीत शिट्टी वाजवते. डॉक्टरांनी विचारलं, ओढत होता का? म्हटलं, नाही. घरात कुणी? म्हटलं, घरात नाही. गोठ्यात.

आपला सगळा मान असा वर जातो. बापापुढं नाही, सासऱ्यापुढं नाही, गुरुजींपुढं नाही. देवळाच्या पायरीवर विझवतील, मयताच्या घरी विझवतील. मूल मात्र खाली आहे. त्याचा श्वास आपल्याहून भरभर चालतो, श्वासनळी अरुंद असते, त्याच खोलीतला, त्याच फलाटावरचा धूर त्याच्या वाट्याला जास्त येतो. कान फुटतात, दमा जोर धरतो. हे डॉक्टर सांगून दमले. जपानात ताकेशी हिरायामा यांनी 1981 साली दाखवून दिलं, की नवरा ओढतो आणि बायकोला, जिनं आयुष्यात सिगारेट हातात धरली नाही तिला, फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. इंग्लंडात 2015 च्या ऑक्टोबरपासून अठरा वर्षांखालचं पोर मोटारीत असताना ओढणं गुन्हा आहे. तिथं ते कायद्यानं करावं लागलं. आपल्याकडं तर ओढणाऱ्याच्या हाताला थांबायची सवय आहेच. वडीलधारा दिसला की हात आपोआप पाठीमागं जातो. त्या सवयीनं फक्त एकदा खाली बघायचं आहे. चौदाशे वर्षांच्या म्हाताऱ्याला ते जमलं होतं. तोही आधी अडलाच होता, पण थांबला होता.

मी एवढं सगळं त्या विद्यार्थ्याला सांगणार होतो. वाक्यं जुळतही आली होती. पण गाडी आली.

डब्यात तो माझ्या मागोमाग चढला, माझी पिशवी वर ठेवली, नातीला खिडकी मिळवून दिली आणि माझ्या सन्मानार्थ दाराशी जाऊन उभा राहिला. गाडीनं वेग घेतला. दारातून वारा आत येऊ लागला आणि वाऱ्याबरोबर माझा सन्मानही.

समोरच्या बाकावरच्या फेटेवाल्या बाबांनी तेवढ्यात कनवटीची डबी काढली. चला, इथं निदान धूर नाही, मी मनात म्हटलं आणि सैलावून बसलो. बाबांनी तळहातावर तंबाखू घेतली, नखानं चुना लावला, मळली, दोन थापा मारल्या. डब्यात अनोळखी माणसांना जवळ आणणारी याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही. थापेचा आवाज झाला की हात येतात. शेजारच्याचा आला. पलीकडच्याचा आला. वरच्या फळीवर झोपलेला म्हणून जो ठरलेला होता त्याचाही आला. एकेक चिमूट पडत होती, एकेक ओठ फुगत होता. मग त्या राकट पंजांच्या रांगेत सगळ्यांत खाली एक इवलासा तळहात आला. नखांवर गुलाबी नेलपॉलिश.

बाबा हसले. "घेती का गं बाय?" असं म्हणून त्यांनी गमतीनं रिकामी चिमूट तिच्या हातावर सोडली. नातीनं ती खालच्या ओठात ठेवली, अगदी बिनचूक, अंगठ्यानं दाबून. सगळा डबा कौतुकानं हलला. मी तिचा हात ओढला, जरा जोरातच. तिनं भोकाड पसरलं.

कुणी काही बोलेना. बोलणार कसं? सगळ्यांची तोंडं भरलेली होती. नुसते डोळे माझ्यावर रोखलेले. शेवटी खिडकीजवळच्यानं मान बाहेर काढली, तोंड मोकळं केलं, मिशी पुसली आणि माझ्याकडं वळला.

"काय हो गुरुजी, शाळेतली छडी अजून सुटंना का? लेकराला कशापायी रडवता?"

कलम 167 मध्ये म्हटल्याप्रमाणं डब्यातल्या एका प्रवाशानं रीतसर हरकत घेतली होती, आणि मिटल्या ओठांनी सगळा डबा तिला अनुमोदन देत होता.